सिलिंडर हेडचे फेसिंग आणि संपीडन-गुणोत्तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एंजिनाचे हेड फेसिंगसाठी येते ते बहुधा नाइलाजाने. एंजिन अतिशय तापून हेड वाकलेले असते, गॅस्केट उडालेले असते. कारागीर मिलिंग यंत्रावर त्याचा तळ पुन्हा सपाट करून देतो. मात्र हेच काम कधी कधी एंजिनाचा जोर वाढविण्यासाठी मुद्दामही करण्यात येते. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून या जुन्या युक्तीचा नव्याने विचार करण्यास कारण मिळाले आहे. आणि ओतशाळा व साखर कारखाने जेथे शेजारी नांदतात, त्या जिल्ह्यात तो होणे स्वाभाविकच होय.

दट्ट्या तळाशी असताना त्याच्यावर असणारी एकंदर जागा आणि तो माथ्याशी पोचल्यावर उरणारी जागा, यांचे प्रमाण म्हणजे संपीडन-गुणोत्तर. दट्ट्याच्या एका फेरीचे घनफळ ३०० घनसेंटिमीटर व माथ्याशी उरणारी जागा ४३ घनसेंटिमीटर धरली, तर हे गुणोत्तर सुमारे ८ येते. ते १० करावयाचे तर माथ्याची जागा ३३ वर आणली पाहिजे. ज्वलनकोष्ठाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यासाठी अडीच मिलिमीटरांहून अधिक धातू काढावा लागेल. कित्येक हेडांना निर्मात्याने दिलेली मुभा मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते!

लाभ किती? आदर्श ऑटो-चक्राची कार्यक्षमता गुणोत्तर ८ असता ५६.५ टक्के व १० असता ६०.२ टक्के भरते. म्हणजे मूळच्या मानाने सुमारे साडेसहा टक्के वाढ. एक लिटर इथेनॉल जळून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असल्याने २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के तूट येते. हे दोन आकडे इतके जुळतात, की मोह पडावा. परंतु पहिला आकडा आदर्श चक्राचा आहे. घर्षण व उष्णतेची गळती यांमुळे प्रत्यक्ष लाभ त्याहून बराच कमी असतो. एंजिन बदलून ही तूट पूर्णपणे भरून निघेल, असे मानता येत नाही.

गुणोत्तर वाढविण्यास मर्यादा घालते ती ठोक्याची. ज्योत पोचण्यापूर्वीच कोष्ठाच्या कोपऱ्यातील वायू दाबाने व तापाने आपोआप पेटतो, आणि त्याचे आघात दट्ट्यास सोसावे लागतात. हा दोष मुख्यतः इंधनाच्या गुणाशी निगडित आहे, हे हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रयोगांत दाखवून दिले. इथेनॉल या बाबतीत उजवे ठरते: त्याचा ऑक्टेन-अंक शंभराहून अधिक असून बाष्प होताना ते आतील मिश्रणास थंडही करते.

धातू काढल्याने इतर अंतरेही बदलतात. झडप दट्ट्याच्या जवळ येते. कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल, तर ते क्रँकशाफ्टच्या जवळ सरकून झडपांची वेळ मागे पडते. प्रज्वलनाची वेळ तर नव्याने लावावीच लागते. (उद्यमनगराला नाव मिळाले ते तेल-एंजिनांमुळे, त्यांत संपीडन मुळातच मोठे असल्याने हा खटाटोप व्यर्थ, शिवाय दट्ट्या हेडवर आपटण्याचा धोका.)

म्हणून कापण्यापूर्वी मोजणे आवश्यक आहे. हेड उलटे ठेवून, झडपा व प्लग बसवून, कोष्ठावर छिद्र असलेली काच ठेवावी व ब्युरेटने पातळ तेल सोडावे. त्या मापात गॅस्केटच्या जाडीचे व दट्ट्याच्या माथ्याच्या खळग्याचे घनफळ मिळविले, की किती धातू काढावयाचा ते हिशेबाने निघते.