पाहुणा पडला, तर जबाबदार कोण?

आज ‘जबाबदारी’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा शब्द फार उंचावर जाऊन बसतो. आज आपण त्याला एका जिन्यावर आणू.

समजा, परभणीच्या जुन्या वस्तीत एक वाडा आहे. मालक नोकरीनिमित्त बाहेरगावी. खाली एक बिऱ्हाड, माडीवर दुसरं. माडीवरच्या बिऱ्हाडाकडे मानवतहून मावशी आल्या. रात्री जिना उतरताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जिन्याचा कठडा तीन महिन्यांपूर्वीच निखळलेला होता, दिवाही बंद होता. मावशी घरी शिवणकाम करतात, त्यावर घर चालतं.

आता लोक काय बोलतात ते ऐका. मालक म्हणतात, “मी तर तिथं नव्हतोच.” भाडेकरू म्हणतो, “घर मालकाचं आहे, मी काय करणार?” शेजारी म्हणतात, “बाईनं बघून उतरायला पाहिजे होतं.” आणि मावशी स्वतः म्हणतात, “जाऊ द्या, माझं नशीब.” हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण ही चार वाक्यं तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहेत. या चारही वाक्यांत कार्यकारणाचा एकेक विचार दडलेला आहे. आपण ते एकेक करून तपासू.

पहिलं वाक्य. “मी तर तिथं नव्हतोच.” म्हणजे मी काही केलंच नाही, मग मी कारण कसा? आपल्या न्यायदर्शनाने या प्रश्नावर भरपूर खल केलेला आहे. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त सात पदार्थ मानले आहेत आणि त्यातला सातवा आहे ‘अभाव’. नसणं हीसुद्धा एक खरी गोष्ट आहे. नैयायिक तर म्हणतात की नसणं हे कारणही होऊ शकतं. अडथळा नसला म्हणून अग्नी जाळतो. तसंच, कठडा नव्हता म्हणून मावशी पडल्या. आणि अभावाचेही प्रकार आहेत बरं का. वस्तू अजून झालीच नाही, तो प्रागभाव. होती आणि नष्ट झाली, तो प्रध्वंसाभाव. आपल्या जिन्यावर दुसरा प्रकार आहे. कठडा होता, तो मोडला, आणि मोडून तीन महिने झाले. कायद्याच्या दृष्टीने हे तीन महिने फार महत्त्वाचे. मालकाला माहीत होतं का, किंवा जरा लक्ष दिलं असतं तर माहीत झालं असतं का, हा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पण मग जगातल्या सगळ्याच गोष्टी कारण ठरतील, असं कोणी म्हणेल. त्यालाही नैयायिकांचं उत्तर आहे. घट तयार व्हायला कुंभार कारण, चाक कारण, माती कारण. पण माती वाहून आणणारं गाढव किंवा कुंभाराचा बाप हे कारण नव्हे. त्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. मावशींना ज्या एसटीने परभणीला आणलं, ती एसटी अन्यथासिद्ध. कठडा दुरुस्त न करणं हे कारण. न्यायालयही हीच चाळणी लावतं, फक्त शब्द वेगळे वापरतं.

याचं एक मोठं उदाहरण सांगतो. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर १९५१ मध्ये कोसळला आणि माणसं मेली. घंटाघर नगरपालिकेच्या ताब्यात होता. पालिकेचं म्हणणं असं, की त्यातला दोष वरून दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ते मानलं नाही. बांधकाम सुमारे ऐंशी वर्षांचं, आणि तशा चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, अशी साक्ष होती. म्हणजे तपासणी करणं हेच मालकाचं काम होतं. न्यायालयाने असंही म्हटलं की घटना स्वतःच बोलते. नीट राखलेला मनोरा आपोआप कोसळत नाही. “मला दिसलं नाही” हे उत्तर पुरेसं नाही. “बघायला पाहिजे होतं का?” हे विचारलं जातं.

दुसरं वाक्य, भाडेकरूचं. “घर मालकाचं आहे.” इथे कायदा सातबारा किंवा मालमत्तापत्रक एवढंच बघत नाही. ताबा कोणाचा आणि दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, हे बघतो. खोलीच्या आत भाडेकरूने सतरंजी अशी अंथरली की पाहुणा अडकून पडला, तर त्यात मालकाचा संबंध नाही. पण जिना, गच्ची, अंगणातला आड, सामायिक वायरिंग, हे सगळ्यांच्या वापराचं आणि मालकाच्या ताब्यातलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचं कलम १४ म्हणतं की उलट करार नसेल तर जागा चांगल्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. मालक ऐकत नसेल तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी, दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. आपल्या भाडेकरूने तोंडी दहा वेळा सांगितलं असेल. कागदावर एकदा लिहिलं असतं, तर मावशींच्या हातात आज पुरावा असता.

तिसरं वाक्य. “बघून उतरायला पाहिजे होतं.” यात थोडं तथ्य असू शकतं. पण थोडंच. मावशींनी हातात बॅटरी असून ती लावली नाही, असं समजा. न्यायालय त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणेल आणि भरपाईतून तेवढा वाटा वजा करेल. दावा बुडत नाही, कमी होतो. पडणारं लेकरू असेल तर कायदा त्याच्याकडून मोठ्या माणसाच्या सावधपणाची अपेक्षा धरत नाही.

आणखी एक भेद आहे. जुन्या इंग्लिश कायद्यात आलेल्या माणसाच्या जाती लावल्या होत्या. कामासाठी बोलावलेला, नुसता परवानगीने आलेला, आणि न विचारता घुसलेला. प्रत्येकाबाबतची काळजी वेगळी. इंग्लंडने १९५७ मध्ये स्वतंत्र कायदा करून पहिल्या दोघांतला भेद मिटवला आणि रीतसर आलेल्या सगळ्यांसाठी वाजवी काळजीची एकच कसोटी ठेवली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आपली न्यायालयं न्याय, समता आणि सद्सद्विवेक या तत्त्वांवर, जुने निवाडे बघून ठरवतात. दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, लग्नाला आलेलं वऱ्हाड, यांच्या बाबतीत मालकाने वाजवी काळजी घ्यायलाच पाहिजे.

आता चौथं वाक्य. हे सगळ्यात अवघड. “माझं नशीब.” आपल्या मराठवाड्यात हे वाक्य पावसाळ्यात जास्त ऐकू येतं. माळवदाची घरं, मातीच्या भिंती. झड लागली की भिंत फुगते आणि बसते. लोक म्हणतात, देवाची करणी. मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं, कल्लूलाल विरुद्ध हेमचंद. १९५८ च्या निवाडासंग्रहात ते आहे. पावसात घराची भिंत पडली, दोन मुलं गेली. त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला होता. घरमालक म्हणाला, ही दैवी आपत्ती. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस होणं यात अचाट काय आहे? जे अपेक्षित आहे ते दैव नव्हे. मालक जबाबदार ठरला.

मला हा निवाडा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मोलाचा वाटतो. दैव मानू नका, असं तो कोणाला सांगत नाही. तो एवढंच सांगतो की माणसाच्या हातात जे होतं, ते आधी मोजा. उरेल ते दैवाकडे द्या. आपण उलट करतो. सगळं दैवाकडे देतो आणि माणसाकडे काही उरत नाही.

मावशी “जाऊ द्या” का म्हणतात, हेही बघायला हवं. त्यांना वाटतं, भरपाई मागणं म्हणजे कोणाला गुन्हेगार म्हणणं. भाच्याचं बिऱ्हाड उठेल, नात्यात वितुष्ट येईल. ही भीती खरी आहे. पण ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक भेद केला आहे, तो इथे उपयोगी पडतो. शिक्षा वेगळी आणि भरून काढणं वेगळं. एकाचं नुकसान झालं, तर न्यायाधीश तराजूचा काटा पुन्हा मध्यावर आणतो. माणूस चांगला की वाईट, हे तो तिथे विचारत नाही. आपले मालक सज्जनच आहेत. सज्जन माणसाच्या जिन्यावरूनही हाड मोडतं, आणि ऑपरेशनचं बिल येतंच.

आणि नुकसान म्हणजे नुसतं दवाखान्याचं बिल नव्हे. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टिस्कोच्या समारंभात मांडवाला आग लागली, साठ माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं पुष्कळ होती. भरपाई ठरवण्याचं काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे दिलं गेलं. पुढे २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या घरकामाचं मोल वाढवून महिना तीन हजार रुपये धरलं. आकडा तेव्हाचा आहे. मुद्दा असा की ‘घरीच असते’ या बाईच्या कामालाही किंमत आहे. मावशींचं शिवणकाम बुडालं, स्वयंपाकाला माणूस लावावा लागला, वेदना झाल्या. हे सगळं हिशेबात धरायचं.

आता व्यवहाराचं. इजा झालेल्याने आधी उपचार घ्यावेत आणि दवाखान्याच्या कागदावर ‘घरात पडून’ एवढंच न लिहिता कुठे, कसं पडलो हे नोंदवून घ्यावं. जागेचे फोटो त्याच दिवशी काढावेत, कारण दुसऱ्या दिवशी कठडा बसलेला असतो. बिलं, औषधाच्या पावत्या, बुडालेल्या कामाची वही जपावी. मग मालकाला लेखी कळवावं, पोच ठेवावी. इजेसाठीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. माणूस दगावला असेल तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली पती-पत्नी, आई-वडील आणि मुलांसाठी दावा करता येतो. त्याची मुदत मृत्यूपासून दोनच वर्षं. जागा सरकारची असेल तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते. दावा जिथे इजा झाली तिथल्या किंवा मालक राहतो तिथल्या दिवाणी न्यायालयात करता येतो.

मालकाने काय करावं? पहिलं, माणसाला दवाखान्यात न्यावं. मदत केली म्हणजे दोष कबूल केला, असा धसका घेऊन दूर राहू नये. दुसरं, घाईत ‘सगळी चूक माझी’ किंवा ‘माझा काही संबंध नाही’ असं काहीही लिहून देऊ नये. काय घडलं तेवढंच लिहावं. तिसरं, घराचा विमा असेल तर पॉलिसी वाचावी. बहुतेक वेळा इमारत आणि सामान एवढंच त्यात असतं. दुसऱ्याच्या इजेची जबाबदारी वेगळी घ्यावी लागते. आणि जमलं तर मिटवावं. पण मिटवताना रक्कम, तारीख आणि पुढच्या उपचाराचं काय, हे कागदावर यावं.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, कोर्टात दहा वर्षं जातात. गरिबाने कशाला जावं?)

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही. मावशी आणि मालक दोघंही एका टेबलाशी बसतात. नातं टिकवायचं असेल तर हा रस्ता बरा.

शेवटी एवढंच, मंडळी. कठडा मोडला आहे हे ज्याला ठाऊक होतं आणि जो तो बसवू शकत होता, त्याच्याकडे जबाबदारी जाते. आज घरी गेल्यावर आपापला जिना बघा. दिवा लागतो का, कठडा हलतो का. मिस्त्रीची मजुरी खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.