डायनोसॉर आणि आपल्या पायाखालचा खडक

बेळगावनजीकच्या शहापूरमधील शाळकरी मुलांच्या हाती डायनोसॉरचे चित्र पडले की, "असे प्राणी आपल्याकडेही होते काय?" हा प्रश्न हमखास निघतो. शिक्षक व पालक यांना त्याचे उत्तर खडकाच्या आधारे देता येईल.

बेळगाव परिसर हा दख्खनच्या लाव्हा पठाराचा दक्षिणेकडील काठ आहे. येथील तांबड्या जांभ्याखाली असणारा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हारस थिजून बनला. तप्त रसात प्राण्यांचे देह टिकत नाहीत. पूर्वेस गोकाकच्या धबधब्याचा खडक वाळूपासून बनला आहे खरा. तथापि तो डायनोसॉरच्या जन्मापूर्वी कित्येक कोटी वर्षे अगोदरचा आहे. येथे डायनोसॉर वावरले नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या खुणा जपून ठेवणारा खडक येथे नाही, एवढेच.

असा खडक चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा व डोंगरगाव येथे आहे. नदी वा तळ्याकाठी मेलेला प्राणी चिखलाखाली गाडला गेला, की त्याचे मांस कुजून जाते. हाडे मात्र उरतात. पाण्यातील खनिजे हाडांच्या सूक्ष्म छिद्रांत साचत जातात आणि लक्षावधी वर्षांत हाड दगडासारखे होते. आकार हाडाचाच राहतो. यालाच जीवाश्म म्हणतात.

डोंगरगाव येथील एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. २००३ पासून तो 'इसिसॉरस' या नावाने ओळखला जातो. नावाचा आरंभ या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून झाला आहे. त्याची कवटी मिळालेली नाही. तरीही मानेचे, पाठीचे व शेपटीचे मणके, खांद्याचे हाड, कटिबंध आणि पुढील पाय यांवरून त्याची शरीररचना बरीचशी उलगडते. सरड्याचे पाय बाजूंना फाकलेले असतात. डायनोसॉरचे पाय मात्र खांबाप्रमाणे धडाखाली सरळ असत. अंगणातील कोंबडीही तशीच उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज होत.

पिसदुरा येथे हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठाही आढळते. २००५ साली संशोधकांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिकतामय कण दाखवून दिले. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळी गवत होते, असे सहसा मानले जात नसे. चंद्रपूरच्या शेतजमिनीतील एका क्षुल्लक वाटणाऱ्या खड्याने जगातील पाठ्यपुस्तकांतील समजूत बदलली.

म्हणूनच एक गोष्ट मुलांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे. जीवाश्म कोणत्या थरात, कशाच्या शेजारी व कोणत्या दिशेने पडला होता, यावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो. जागेवरून उचलून घरी नेलेला जीवाश्म आपली निम्मी साक्ष गमावून बसतो आणि ती पुन्हा मिळविता येत नाही. सहलीत असा दगड दिसल्यास तो तेथेच राहू द्यावा, स्थळाची नोंद करावी, चित्र काढावे आणि शिक्षकांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस कळवावे. कोट्यवधी वर्षे टिकलेला हा ठेवा पुढील पिढीच्या हाती अखंड सोपविणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.