अक्षराचा माथा

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनी गावी, जगन्नाथ टेकडीवर, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९६९-७० साली उत्खनन केलं. तिथे सापडलेल्या स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. त्या अक्षरांची रेघ सगळीकडे एकाच जाडीची आहे; माथ्यावर खूण नाही की टोकाला फुगवटा नाही. पाच-सहा शतकांनी याच विदर्भात वाकाटकांचे ताम्रपट कोरले गेले, तेव्हा अक्षरांच्या डोक्यावर छोट्या चौकोनी पेट्या आल्या होत्या. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या पुणे ताम्रपटात मात्र पेटीऐवजी खिळ्याच्या डोक्यासारखा, वर रुंद होत गेलेला माथा दिसतो. ती गुप्तांची कन्या होती आणि हे वळण उत्तरेकडच्या लेखनिकांचं. एकाच घराण्यात दोन माथे वापरात होते, म्हणजे अक्षराचा शेवट कसा करायचा याची निवड तेव्हाही जाणीवपूर्वक होत असे. टोकाशी रुंदावणाऱ्या, जाड-बारीक रेघांच्या देवनागरी टाइपला आपण सरसकट रोमन सेरिफची देणगी मानतो, त्याआधी हा पुरावा पाहायला हवा.

माथ्याची पेटी ही निव्वळ दरबारी हौस होती, ती लिपीबरोबर संपली, असा आक्षेप येईल. पेटी संपली हे खरं. पण रुंदावलेला माथा टिकला, शतकागणिक आडवा पसरला, शेजारच्या माथ्याला भिडला आणि नागरीत त्याचीच सलग शिरोरेषा झाली. रोमन अक्षराच्या टोकाशी जे लहानच राहिलं, ते आपल्याकडे वाढून सगळ्या शब्दाचं छप्पर झालं. जाड-बारीक भेदही उसना नाही. तो बोरूच्या तिरप्या कापातून आला. हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला असतो, म्हणून रेघ जिथे जाड व्हायची ती जागाही वेगळी. बोडोनी या रोमन टाइपचं वजन देवनागरीवर तसंच चढवलं की अक्षर परकं दिसतं, ते यामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असा टाइप लहान आकारात वाचवत नाही. बारीक रेघ स्वस्त कागदावर तुटते, पडद्यावर विरते. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार आधीच दाटीत असतात. हे मान्यच करायला हवं. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ मथळ्यात जितका देखणा, तितका मजकुरात थकवणारा होईल. पण हा दोष अशा टाइपच्या सगळ्या घराण्याचा नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कापला जाई, आणि लहान आकारात बारीक रेघ जाड ठेवता येई. संगणकावर एकच रेखाटन हव्या त्या मापाला ताणलं जाऊ लागलं, तेव्हा ही काळजी सुटली. आता व्हेरिएबल फॉन्टमध्ये आकारानुसार जाडी बदलता येते, तेव्हा ती पुन्हा घ्यायलाच हवी.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव एकसारख्या रेघेचंच असतं आणि ते तिथे शोभतं, कारण हत्यार तसं आहे. मथळ्याच्या टाइपला बोरूचा आधार आहे. म्हणून रुंदावा द्यायचाच तर काना जिथे शिरोरेषेला मिळतो तिथे द्यावा. कान्याचा पाय बोरूच्या कापासारखा तिरपा सोडावा. त्याखाली रोमन पायपट्टी बसवू नये.