सगळ्यांचंच बरोबर आलं, तर जिंकलं कोण?

२० डिसेंबर २०२०, रविवार. लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमधलं सोफाय स्टेडियम कोविडमुळे रिकामं. यजमान रॅम्स १३ पैकी ९ सामने जिंकून आलेले, पाहुणे न्यूयॉर्क जेट्स १३ पैकी १३ हरून. सट्टेवाल्यांनी रॅम्सना सुमारे १७ गुणांनी सरस धरलं होतं. अमेरिकी फुटबॉलमध्ये एवढा फरक धरला, म्हणजे सामना नुसता उरकून घ्यायचा. जेट्सनी तो २३-२० असा जिंकला.

त्या आठवड्यात १६ सामने होते. ऑफिसात, गॅरेजात, शाळेच्या स्टाफरूममध्ये ज्यांनी ज्यांनी ‘कॉन्फिडन्स पूल’चा तक्ता भरला होता, त्यांतल्या बहुतेकांनी रॅम्सपुढे १६ हा आकडा घातला असणार. रीत अशी: प्रत्येक सामन्यात कोण जिंकेल ते लिहायचं आणि १ ते १६ हे आकडे एकेकदाच वापरून त्या अंदाजावर आपला भरवसा किती, तेही लिहायचं. जिथे पक्की खात्री तिथे १६, जिथे अंदाजपंचे दाहोदरसे तिथे १. अंदाज खरा ठरला की तेवढे गुण खात्यात जमा. सगळंच जमलं तर १३६. रॅम्स हरले आणि १६ गुण एका फटक्यात गेले. पण ते गेल्याने कुणाचं फारसं बिघडलं नाही, कारण शेजारच्या टेबलावरच्याचेही गेले होते. जेट्स लिहिणारा एखादा वेडापीर त्या पूलमध्ये असेल, तर मात्र त्याचा आठवडा सोन्याचा झाला.

त्या विजयाने जेट्सचे कित्येक चाहतेच चरफडले, हे आणखी वेगळं. एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या लीगमध्ये सर्वांत तळाच्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला हक्क मिळतो. त्या वर्षी पहिला हक्क म्हणजे क्लेमसन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स, हे शाळकरी पोरंही सांगत होती. जेट्सनी पुढच्या आठवड्यात आणखी एक सामना जिंकला, जॅक्सनव्हिल जॅग्वार्स तळाला गेले आणि लॉरेन्स तिकडे गेला.

दर आठवड्याचे निकाल वर्तवण्याचा नाद अमेरिकेत फुटबॉललाच इतका का चिकटला, याचं उत्तर वेळापत्रकात आहे. बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो. एवढ्यांचे अंदाज लिहीत कोण बसणार? एनएफएलचे ३२ संघ २०२१ पासून १८ आठवड्यांत प्रत्येकी १७ सामने खेळतात, एक आठवडा विश्रांती. गुरुवारी रात्री एक सामना, रविवारी दिवसभर रांगेने बहुतेक सगळे, सोमवारी रात्री शेवटचा. मंगळवारी सकाळी हिशेब. आठवड्याला एक चिठ्ठी पुरते आणि चिठ्ठी भरायला, वाद घालायला, मत बदलायला मधले दिवस मोकळे मिळतात. रविवारचे पहिले सामने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १ वाजता सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, नोव्हेंबरपासून साडेअकरा. त्यामुळे पुण्यात बसून हा नाद जपणाऱ्याची सोमवारची सकाळ कशी जाते, ते सांगायला नको.

दुसरं कारण, निकाल सहजासहजी सांगता येऊ नयेत अशीच या लीगची घडण आहे. तळाच्या संघाला पहिली निवड देणारा ड्राफ्ट १९३६ पासून चालू आहे, टीव्हीचे राष्ट्रीय हक्क विकून येणारा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो आणि १९९४ पासून खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा आहे. श्रीमंत मालकाने सगळे तारे उचलून न्यावेत, अशी सोय ठेवलेली नाही. कुठल्याही रविवारी कुणीही कुणालाही हरवू शकतो, या अर्थाचं वाक्य १९४६ ते १९५९ या काळात लीगचे आयुक्त असलेल्या बर्ट बेल यांच्या नावावर आहे. ती बढाई नव्हती, धंद्याचं धोरण होतं.

तरीही सगळंच नशिबावर नसतं. ज्याला सट्टाबाजार सरस धरतो, तो संघ ढोबळमानाने तीनांत दोनदा जिंकतो. म्हणजे ज्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्याने डोळे मिटून प्रत्येक सामन्यात सरस संघ लिहिला, तरी १६ पैकी १० किंवा ११ बरोबर येतात. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये नव्याने नोकरीला लागलेला मराठी इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात वीस वर्षं फुटबॉल पाहणाऱ्या साहेबाला मागे टाकतो, तो काही चमत्कार नव्हे. साहेब हुशारी लढवून दोन-तीन ठिकाणी सरस संघाविरुद्ध गेलेला असतो. मात्र सगळे १६ बरोबर येण्याची अपेक्षा कुणी धरू नये. तीनांत दोन हा हिशेब धरला, तर तशी शक्यता सुमारे ६५० त एक इतकीच निघते.

इथे बहुतेक चाहते एक गफलत करतात. त्यांना वाटतं, सर्वांत जास्त अंदाज बरोबर आणणं आणि पूल जिंकणं हे एकच काम आहे. तसं नाही. ४० जणांच्या पूलमध्ये ३८ जणांनी जो संघ लिहिला तो तुम्हीही लिहिलात आणि तो जिंकला, तर तुम्ही कुणाच्या पुढे गेलात? फक्त दोघांच्या. गुण मिळतात, आघाडी मिळत नाही. आघाडी मिळते ती जिथे गर्दीचा भरवसा खऱ्या शक्यतेपेक्षा फुगलेला असतो तिथे. फिलाडेल्फियातलं ऑफिस घ्या. ईगल्स जिंकण्याची शक्यता समजा शंभरात ६० आहे, पण ४० पैकी ३८ जणांनी ईगल्सच लिहिलेत, कारण गावात राहून दुसरं काही लिहायची सोय नाही. ईगल्सविरुद्ध जाणारा शंभरात ४० वेळा बरोबर ठरणार आणि त्या प्रत्येक वेळी जवळजवळ एकटा पुढे निघणार. डॅलसमध्ये काउबॉइजचं हेच. चाहत्याचं मन त्याच्या वहीत कुठे गळती लावतं, ते पाहायचं तर त्याच्या गावच्या संघाची ओळ पाहावी.

पण हा शहाणपणा सगळीकडे चालत नाही. दर आठवड्याला वेगळं बक्षीस असेल, तर अशी एक-दोन धाडसं हवीतच. अकराच्या घोळक्यात बाराव्या अंदाजाला किंमत येते. बक्षीस हंगामाअखेर एकदाच असेल आणि पूल दहा-बारा जणांचा असेल, तर निमूटपणे सरस संघ लिहीत राहणारा कंटाळवाणा माणूस जानेवारीत सहसा वरच्या दोन-तिघांत असतो. त्याच्याशी कुणी फुटबॉलच्या गप्पा मारत नाही, तो भाग निराळा.

अनेक पूलमध्ये नुसता विजेता सांगून भागत नाही, ‘स्प्रेड’ही धरावा लागतो. रॅम्स १७ ने सरस म्हणजे रॅम्सवाल्याचं खरं ठरायला रॅम्सनी १७ पेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं. या युक्तीचं श्रेय शिकागोत सट्टा चालवणाऱ्या चार्ल्स मॅकनील या एकेकाळच्या गणितशिक्षकाला दिलं जातं. काळ १९४० च्या आसपासचा. दुबळ्या संघावरही पैसे लागू लागले आणि एकतर्फी सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत जीव राहिला. मुरलेला माणूस इथे ३ आणि ७ या आकड्यांवर नजर ठेवतो. फील्ड गोलचे ३, टचडाउन आणि त्यानंतरची किक मिळून ७, त्यामुळे सामने याच फरकांनी जास्त सुटतात, त्यातही ३ ने सर्वाधिक. म्हणून अडीच आणि साडेतीन यांत एकाच गुणाचा फरक असला, तरी त्यावरून लोक तासभर भांडतात. स्प्रेड लावला की सरस संघवाल्याची मिरासदारी संपते आणि प्रत्येक सामना जवळपास नाणेफेकीवर येतो. व्यावसायिक सट्ट्यात १०० जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणजे नुसती बरोबरी साधायलाच शंभरात ५२ हून थोडे अधिक अंदाज खरे यावे लागतात. वर्षानुवर्षं ५५ टक्के साधणारा माणूस या धंद्यात फार मोठा समजला जातो.

चाहत्याचा अभ्यास बुधवारी सुरू होतो, कारण त्या दिवशी पहिली जखमींची यादी येते. रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस प्रत्येक संघाला जाहीर करावं लागतं, की सरावात कोण पूर्ण उतरला, कोण अर्धवट, कोण नाही. शुक्रवारी शेरे पडतात: ‘आउट’, ‘डाउटफुल’, ‘क्वेश्चनेबल’. सामन्याआधी ९० मिनिटं अंतिम यादी, आणि तेव्हा अर्ध्या अमेरिकेचा अंगठा फोनवर असतो. या यादीमागे भूतदया नाही, सट्टा आहे. १९४६ च्या अंतिम सामन्याआधी जायंट्स संघाच्या दोन खेळाडूंना लाच देऊ करण्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा बेल आयुक्त होते. आतली बातमी विकत घेण्यासारखी राहू नये, म्हणून ती सगळ्यांनाच सांगून टाकायची, हा यादीमागचा विचार. संघांनी त्यातूनही पळवाट काढलीच. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी वर्षानुवर्षं उजव्या खांद्यासाठी ‘प्रॉबेबल’ या शेऱ्यासह यादीत असायचा आणि रविवार आला की खेळायचा. २०१६ मध्ये लीगने तो शेराच काढून टाकला.

बाकीचं ज्ञान लोक मुरवत नेतात. यजमान संघाला तीन गुण जास्त धरायचे, हा जुना ठोकताळा; अलीकडे तो दोनच्याही खाली आला आहे. २०२० च्या हंगामात बहुतेक स्टेडियमं रिकामी किंवा अर्धीमुर्धी भरलेली होती आणि यजमानांनी १२७ सामने जिंकले, १२८ हरले, एक बरोबरीत सुटला. आरडाओरड्याची किंमत आयतीच मोजून मिळाली. शरीराच्या घड्याळाचंही तसंच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९७० पासूनच्या २५ हंगामांतले सोमवार रात्रीचे सामने तपासून १९९७ मध्ये दाखवलं, की पश्चिम किनाऱ्याचे संघ पूर्वेच्या संघांविरुद्ध अपेक्षेपेक्षा सरस ठरत होते. पूर्वेच्या खेळाडूंचं शरीर झोपेकडे कललेलं, पश्चिमेच्यांची अजून संध्याकाळच.

‘सर्व्हायव्हर पूल’ हा प्रकार मला या सगळ्यांत निर्दय वाटतो. आठवड्याला एकच संघ निवडायचा. तो हरला की तुम्ही बाहेर. जिंकला तर पुढच्या आठवड्यात, पण तोच संघ पुन्हा वापरता येत नाही. दर आठवड्याला जिंकण्याची शक्यता शंभरात ८० असलेला संघ हाती लागला, तरी १८ आठवडे टिकण्याची शक्यता शंभरात दोनाच्या आतच. त्यात चांगले संघ सप्टेंबरातच खर्चून बसलेल्याला डिसेंबरात दोन रडतराऊंमधून एक निवडावा लागतो. २०११ च्या डिसेंबरात १३ पैकी १३ जिंकलेला ग्रीन बे पॅकर्स कॅन्सस सिटीकडून १९-१४ असा हरला; जपून ठेवलेलं ते पान ज्यांनी त्या दिवशी टाकलं, त्यांचं काय झालं असेल ते ओळखा. लास व्हेगसमधल्या सर्का या कॅसिनोच्या सर्व्हायव्हर स्पर्धेची प्रवेश फी १,००० डॉलर आहे, आणि २०२४ मध्ये बक्षिसाची रक्कम १ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली होती.

भाकीत मोजण्याची सर्वांत प्रामाणिक पद्धत मात्र हवामानखात्यातून आली. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये मांडलेला नियम असा, की पाऊस पडेल की नाही एवढंच न सांगता किती टक्के शक्यता ते सांगा, आणि चूक त्या टक्क्यांच्या वर्गाने मोजा. ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने याच धर्तीवर वाचकांसाठी एनएफएलचा खेळ चालवला होता. ८० टक्के लिहून बरोबर आलात तर २१ गुण मिळायचे, चुकलात तर ३९ जायचे. छातीठोकपणे १०० लिहिलेत तर बरोबरला २५ आणि चुकीला उणे ७५. ५० लिहिणाऱ्याला शून्य. टीव्हीवरच्या तज्ज्ञांना हा नियम लावला, तर निम्म्यांचा आवाज खाली येईल.

कायद्याचं म्हणाल, तर १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेवाडा आणि आणखी काही मोजके अपवाद सोडून खेळांवरचा सट्टा अडवला होता. न्यू जर्सी राज्याने त्याविरुद्ध लढा दिला आणि मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. आज तीसहून अधिक राज्यांत सट्टा कायदेशीर आहे. ज्या लीगने १९६३ मध्ये पॉल हॉर्नंग आणि ॲलेक्स कॅरास यांना पैजा लावल्याबद्दल हंगामभर घरी बसवलं, तिचाच एक संघ २०२० पासून लास व्हेगसमध्ये नांदतो. ऑफिसातल्या पूलकडे, चालवणारा त्यातून स्वतःचा हिस्सा काढत नसेल तर, फारसं कुणी पाहत नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत मात्र त्याला नियमानेच मनाई आहे.

राहता राहिली बरोबरी. सगळ्यांचे दहा-अकरा येत असल्याने ती वारंवार होते, म्हणून चिठ्ठीच्या तळाशी एक चौकट असते: सोमवारच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून गुण किती? लोक चाळिशीतला काहीतरी आकडा लिहून मोकळे होतात. मग सोमवारी मध्यरात्रीच्या सुमारास, सामन्याचा निकाल केव्हाच लागून गेलेला असताना, एकाने ४१ लिहिलेले असतात, दुसऱ्याने ४५, फलक ४२ वर असतो, आणि हरणाऱ्या संघाने जाता जाता एक निरुपयोगी फील्ड गोल मारावा की नाही, यावर आठवड्याचं बक्षीस अडलेलं असतं.