भिजणारा, वाळणारा कातळ: कोकण रेल्वेची सव्वीस वर्षं

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा सलग मार्ग खुला झाला. त्या वेळी कौतुक झालं ते नव्वदच्या वर बोगद्यांचं आणि दोन हजारांच्या घरातल्या पुलांचं. डोंगर उभे चिरून काढलेल्या कटिंगांची ओळख लोकांना पुढे अपघातांनी करून दिली.

22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीची विशेष गाडी दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्ष सरतंय तोच, 16 जून 2004 ला करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली आणि डबे पुलावरून खाली गेले.

दोन्ही अपघात जूनमधले, आणि त्या महिन्याला अर्थ आहे. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, मग सात-आठ महिने ऊन. ताजा काळा पाषाण हे वर्षानुवर्षं सोसतो. पण कटिंगमध्ये तो एकटा नसतो. दोन लाव्हाथरांच्या मधे गेरूसारखा तांबडा थर असतो, भेगांत माती साचलेली असते, कुठे पाषाण कुजून मुरूम झालेला असतो. या मातीतली स्मेक्टाइटसारखी खनिजं पाणी प्यायली की फुगतात, वाळली की आकसतात. दर खेपेला भेग केसभर रुंदावते.

असा कुजका खडा मे महिन्यात उन्हात चांगला वाळू द्यावा आणि बादलीत टाकून बघावा. आधी बुडबुडे येतात, मग कडा सुटतात, थोड्या वेळात तळाशी गाळ उरतो. कोरड्या छिद्रांत पाणी शिरतं, आतली हवा कोंडते आणि दगडाला आतून फोडते. तोच खडा सतत ओला राहिला, तर इतक्या लवकर फुटत नाही. घात होतो तो वाळून पुन्हा भिजण्यात, म्हणजे नेमका जूनमध्ये. प्रयोगशाळेतही हेच तपासतात: वाळवलेले तुकडे जाळीच्या पिंपात घालून दहा मिनिटं पाण्यात फिरवायचे, सुकवायचे, पुन्हा फिरवायचे आणि मागे किती उरलं ते तोलायचं.

अपघातांनंतर उतार कमी केले गेले, जाळ्या आल्या, बोल्ट ठोकले गेले, गस्त वाढली. जोराच्या पावसात गाडी ताशी 40 किलोमीटरवर येते. 2003 सारखी जीवितहानी दरडीमुळे पुन्हा झालेली नाही, आणि त्याचं मोठं श्रेय भर पावसात बॅटरी घेऊन रूळ तुडवणाऱ्या गस्तवाल्यांचं आहे.

जाळी सुटलेला दगड अडवते. दगडाचं आतलं झिजणं मात्र तिला थांबवता येत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै 2024 मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरलं आणि त्याच आठवड्यात दिवाणखवटीजवळ दरड आली. 1998 ची कटिंगं तोवर सव्वीसहून अधिक उन्हाळे तापून पुन्हा भिजली होती. म्हणून पावसाळ्यातल्या गस्तीइतकीच माणसं आणि तितकाच पैसा एप्रिल-मेमध्ये, भेगा उघड्या दिसतात तेव्हा, प्रत्येक कटिंगच्या पाहणीवर लावला पाहिजे.