नोंद पक्की, तर इलाज नेमका

लाल विंचवाचा दंश कोकणात एकेकाळी जिवावर बेतायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन या दंशावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. पुढे महाडमध्येच झालेला 70 रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसते प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8.

आज संगणक हजारो केसपेपर एकत्र चाळून असे धागे शोधू शकतो. 'आभा' या 14 अंकी क्रमांकाला रुग्णाचे रिपोर्ट, औषधे जोडता येतात. ते डॉक्टरांना दाखवायला रुग्णाची संमती लागते. पण दंश किती वाजता झाला, वाटेत कोणते इंजेक्शन दिले, हे कुणी लिहिलेच नसेल, तर यंत्र शोधणार काय?

राधानगरी, गगनबावड्याचा रुग्ण सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, येतो तेव्हा पहिला उपचार अनेकदा गावाकडच्या आरोग्य केंद्रात झालेला असतो. तिथली चिठ्ठी घरी राहिली, तर डॉक्टरांना अंदाजावर भागवावे लागते.

म्हणून दंशाची वेळ लक्षात ठेवा. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. मात्र कागद शोधत बसू नका. आधी रुग्णाला दवाखान्यात पोहोचवा. तुमची खरी माहिती तुमच्या उपचाराला तर लागतेच, उद्याच्या रुग्णालाही ती उपयोगी पडते.