सावलीची कड कशीय?

वडवणीत बीड-परळी रस्त्याला लागून असलेल्या एका फोटो स्टुडिओच्या काचेत नेहमीचाच माल लावलेला असतो. पासपोर्ट फोटोंचे नमुने, जावळाचं बाळ, फेटा बांधलेला नवरदेव, कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर. त्यात मधोमध एक चौकोनी कृष्णधवल फोटो. ओला रस्ता, दुमजली बस आणि डोक्यावर वर्तमानपत्र धरून बसपुढून पळणारी बाई. बसच्या पाटीवर व्हाइटचॅपल. मी झेरॉक्स काढायला थांबलो होतो. झेरॉक्स राहिली बाजूला.

दुकानदाराला अख्खा बाजार नाना म्हणतो. फोटो कुणी काढला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पुतण्यानं. कॅमेरा माझाय." जोर दुसऱ्या वाक्यावर होता.

कॅमेरा म्हणजे याशिका मॅट १२४ जी. १९७० साली बाजारात आलेलं जपानी मॉडेल. एकावर एक अशी दोन भिंगं, वरचं बघायला आणि खालचं टिपायला. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा, वरची झाकणं उघडायची आणि खाली काचेत बघायचं. काचेत उजवं डावीकडे दिसतं, त्यामुळे डावीकडे निघालेली बस उजवीकडे पळते. नाना म्हणतात, "नमस्कार घातल्याशिवाय ह्यो काही दाखवतच नाही." एका रोलवर फोटो बारा.

"बारा म्हणजे बारा," नाना म्हणाले. "तेरावा माणूस गेल्यावर."

हा बाराचा आकडा त्यांच्या बोलण्यात सारखा येतो. लग्नाला दोन रोल ठरले की चोवीस फोटो, आणि वऱ्हाड चारशेचं. मग अंतरपाट एक, सप्तपदी एक, कन्यादान एक, मामा एक. नवरदेवाचा चुलता चौथ्यांदा फेटा सावरत पुढे आला की नाना कॅमेरा तसाच ठेवून फ्लॅशचं टेस्टचं बटण दाबायचे. लख्ख उजेड पडायचा, चुलता खूश व्हायचा आणि फिल्म जागची हलायची नाही. "निम्म्या तालुक्याचे फोटो मी असे काढलेत," हे सांगताना नानांच्या तोंडावर पश्चात्ताप म्हणून नव्हता. फिल्म विकत आणावी लागायची. कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू', कधी मिळेल ती. रंगीत रोल मोठ्या शहरातल्या लॅबला जायचे. काळा-पांढरा मात्र इथेच, दुकानामागच्या खोलीत धुतला जायचा.

पुतण्या नोकरीसाठी लंडनला गेला, तेव्हा धूळ खात पडलेला हा कॅमेरा मागून घेऊन गेला. तिकडे त्याच्यासारखी पोरं पुष्कळ आहेत. खिशात चांगला मोबाईल असतो, तरी गळ्यात आजोबांच्या वयाचा कॅमेरा अडकवून फिरतात. फिल्ममुळे माणूस सावकाश होतो, एकेका फोटोचा विचार करतो, असं पुतण्या सांगतो. नानांना याचं हसू येतं. मलाही येतं. सावकाशपणा ही नानांची साधना कधीच नव्हती, खिशाला तेवढंच परवडत होतं. पण त्या न परवडण्यातून जी नजर तयार झाली ती खरी आहे, आणि ती काम करताना मी पाहिली.

नोव्हेंबरातली संध्याकाळ, साडेसातच्या सुमारास. नानांचा फोन वाजला. लंडनला तेव्हा दुपारचे दोन. या कॅमेऱ्यात उजेड मोजायचा काटा आहे, पण त्याला लागणारा पाऱ्याचा सेल बनायचाच बंद झाला, म्हणून काटा मेलेला. पुतण्याने व्हिडिओवरून रस्ता दाखवला. नानांनी तोंड वाकडं केलं. "ते बंद कर. मोबाईल अंधारालाबी उजेड करून दाखवतो. तू तोंडानं सांग. खांबाची सावली पडलीय का?"

पडलीय म्हणे, पण पुसट.

"कड कशीय? बोटानं दाखवता येती का?"

नाही.

"मग आठ. शटर पाचशे. बोळीत शिरलास तर अडीचशे."

फोन ठेवला आणि नाना पुन्हा गिऱ्हाइकाच्या पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी पांढरी करायला लागले. यामागचं गणित जगभरच्या फोटोग्राफरांना पाठ असतं. चारशेची फिल्म, शटर पाचशे. कडक सावलीला भोक सोळा, कड मऊ झाली की अकरा, पुसट सावलीला आठ, सावलीच नसेल तर पाच पॉइंट सहा. वडवणीत दिवाळीनंतर सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत सोळाच्या खाली उतरायची वेळ क्वचित येते. तिकडे नोव्हेंबरात चारच्या सुमाराला सूर्यच मावळतो. लंडन न पाहिलेला माणूस तिथला उजेड फोनवरून, सावलीच्या कडेवरून ओळखतो. दुसऱ्या दिवशी परत येताना एसटीत माझ्या डोक्यात 'कड कशीय?' हाच प्रश्न घोळत होता, आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक बाभळीखाली मी ती कड शोधत होतो.

रोल गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी येतात. विमानतळावर बॅग तपासायची नवी सीटी यंत्रं न धुतलेली फिल्म धुरकट करतात, म्हणून रोल हातात काढून दाखवावे लागतात. तपासणारा ऐकेल याची खात्री नसते. म्हणजे इंग्लंडातच मॉबर्लीच्या कारखान्यात झालेली इलफर्डची फिल्म लंडनमध्ये वापरून धुवायला वडवणीला येते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले आणि इथे त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ टिपली. नानांच्या कॅमेऱ्याचा सगळा प्रवास उलटा आहे.

मागच्या खोलीत हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास आहे. आंबूस, नाकात चढणारा, थोडासा व्हिनेगरसारखा. कपड्यांना बसतो आणि घरापर्यंत येतो. नानांनी अंधारात रोल चकरीवर चढवला, टाकीचं झाकण लावलं, मग दिवा. डेव्हलपर वीस अंशांवर लागतो. आपल्याकडे नळाचं पाणी उन्हाळ्यात तिसाच्या वर असतं, म्हणून समोरच्या रसवंतीतून बर्फ आणून घमेल्यात टाकी ठेवायची. साडेसात मिनिटं, दर मिनिटाला उलटसुलट. मग साधं पाणी, मग हायपो.

खरी गंमत धुण्याची. पुस्तकात वाहत्या नळाखाली धुवा असं असतं. वडवणीत वाहता नळ कुठला? नाना टाकी भरतात, पाच वेळा उलटी करतात, पाणी ओततात. पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. झालं. तीन टाक्या पाणी. हीच पद्धत इलफर्ड कंपनीच्या माहितीपत्रकातही छापलेली असते. नानांनी मात्र ती टँकरच्या रांगेत उभं राहून शिकल्यासारखी सांगितली. २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, त्या भागातला हा माणूस आहे. शेवटचं पाणी मात्र दुकानात मिळतं ते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर राहतात.

रोल दोरीवर वाळला आणि नाना खिडकीशी धरून बघायला लागले. बारा चौकोन, उलटे काळे-पांढरे. मला काही कळेना. त्यांना निगेटिव्ह सरळ वाचता येतं. चार फोटोंत माणसांची डोकी कापलेली. "बघणारं भिंग वर, घेणारं खाली. जवळ गेलं की फरक पडतो. दहादा सांगितलं, वर जागा सोड." टॉवर ब्रिजचे दोन बाद, कारण "ते पोस्टकार्डावर मिळतं." एका फोटोत भाजीवाला बाजार उठल्यावर रिकामी खोकी रचत होता. त्यावर मात्र ते बराच वेळ थांबले.

अमेरिकेत व्हिव्हियन मायर नावाची बाई घरकाम आणि मुलं सांभाळत शिकागोच्या रस्त्यांवर असल्याच दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने फोटो काढत हिंडली. २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यानंतर जगाला कळलं. कॅमेरा पोटाशी असला की समोरच्याला आपल्याकडे कुणी रोखून बघतंय असं वाटत नाही. भाजीवाल्यालाही वाटलं नसावं. नानांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "बाईकडे किती फोटोंचा रोल होता?"

बाराचाच, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात पुढे दुकानात चार-पाच माणसं आली. दसरा उलटून गेलेला, ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघायची होती आणि बँकेच्या कागदाला फोटो हवे होते. नाना हायपोचे हात धोतराला पुसत डिजिटल कॅमेऱ्याकडे गेले. एकेकाचे सटासट पाच-सहा फोटो काढले, पडद्यावर बघितले, चांगला तेवढा ठेवला. मी विचारलं, आता बाराची काळजी नाही ना? म्हणाले, नाही. मग वहीचं एक पान उलटून दाखवलं. पुतण्याच्या नावावर धुलाईचे पैसे मांडलेले होते, रोलागणिक, बर्फासकट. आणि त्याखाली लाल शाईत, डोकी कापल्याचा दंड.